कोळशाचे जिल्हे आणि हरित धोरण: आधी यादी, मग निधी, बंदी सर्वांत शेवटी

प्रश्न असा होता: पर्यावरण, रोजगार आणि आर्थिक न्याय या तिन्ही गोष्टी एकत्र बांधणारे ‘ग्रीन न्यू डील’सारखे राष्ट्रीय धोरण भारतात आणायचे झाले, तर कोळशावर जगणाऱ्या जिल्ह्यांसाठी त्यात नेमके काय असावे? सौर आणि पवन ऊर्जा वाढली की रोजगार आपोआप तयार होणार नाहीत का?

आपोआप होणार नाहीत. रोजगार तयार होतील, पण कोळशाच्या माणसाला, त्याच्या गावात, त्याच्या वयात आणि त्याच्या पगारात मिळतील असे नाही. ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारताना काही महिने काही शे माणसे लागतात. पुढची २५ वर्षे तो चालवायला पहारेकरी, पॅनेल धुणारे आणि मोजके तंत्रज्ञ मिळून काही डझन पुरतात. शिवाय मोठे सौर प्रकल्प राजस्थान-गुजरातकडे, तर कोळसा झारखंड, ओडिशा, छत्तीसगड आणि आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळ-नागपूर पट्ट्यात. देशभराच्या बेरजेत रोजगार वाढलेला दिसेल आणि त्याच वर्षी एखादा तालुका रिकामा होईल. म्हणून राष्ट्रीय आकड्यावर धोरण तोलू नये, तालुक्याच्या आकड्यावर तोलावे.

आधी एक गैरसमज दूर करतो. भारतात कोळसा उद्या बंद होत नाही. २०२४-२५ मध्ये उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला आणि विजेतला कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. त्याआधीच कितीतरी जुन्या भूमिगत खाणी तोट्यामुळे किंवा साठा संपल्यामुळे बंद पडल्या आहेत, त्याही कुठल्याच हवामान धोरणाशिवाय. त्या बंद्या कशा झाल्या ते पाहिले की धोरणात काय हवे ते कळते. नोकरीत कायम असलेल्यांची दुसऱ्या खाणीत बदली झाली, ठेकेदाराच्या माणसांना दुसऱ्या दिवशी ‘येऊ नका’ सांगितले गेले, आणि वसाहतीच्या फाटकाबाहेरच्या दुकानांना कोणी काहीच सांगितले नाही.

यादी

माझ्या मते साऱ्या धोरणाचा न्याय एका गोष्टीवर ठरतो: ‘बाधित’ म्हणून कोणाची नावे लिहिली जातात. नाव नसलेल्याला ना भरपाई मिळते, ना प्रशिक्षण, ना पुढची नोकरी. आणि ही यादी बंदी जाहीर झाल्यावर करायला घेतली तर ती खोटीच होते. ठेकेदार हजेरीपट गायब करतो, आणि गावात कधी न राहिलेली नावे वर येतात. म्हणून बंदीच्या किमान ८-१० वर्षे आधी यादी सुरू करावी आणि दरवर्षी ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

कोल इंडियाचे कायम कामगार हा यादीतला सोपा भाग. त्यांचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन करारानुसार ठरते (अकरावा करार मे २०२३ मध्ये झाला), कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक असतो, आजाराची नोंद असते. जन्मवर्षानुसार त्यांची मांडणी केली की बंदीच्या दिवशी किती जण ६० पार केलेले असतील ते लगेच दिसते. पुष्कळ खाणींत हा आकडा इतका मोठा असतो की कायम कामगारांचा प्रश्न निवृत्ती आणि बदलीतूनच बऱ्याच अंशी सुटतो.

खरा पेच ठेकेदारी कामगारांचा. खुल्या खाणीत कोळशावरची माती काढणे, डंपर चालवणे, सायडिंगपर्यंत (कोळसा रेल्वेत भरण्याच्या जागेपर्यंत) वाहतूक करणे, हे बहुतेक काम ठेक्यावर चालते. खाणकामातल्या ठेका कामगारांसाठी ‘हाय पॉवर कमिटी’चे वेतनदर ठरलेले आहेत. प्रत्यक्षात दर कागदावर राहतो आणि हातात कमी पडते, किंवा खात्यात पूर्ण जमा होऊन त्यातला काही भाग रोखीने परत द्यावा लागतो. दर दोन-तीन वर्षांनी ठेका बदलला की तोच माणूस ‘नवा’ होतो. १५ वर्षे एकाच खाणीत डंपर चालवणाऱ्याच्या नावावर सलग सेवा दिसते दोनच वर्षांची, आणि भरपाई सेवेच्या पूर्ण वर्षांवर मोजली जाते. म्हणून धोरणात स्पष्ट लिहावे लागेल की ठेकेदार कितीही बदलले तरी सेवा खाणीच्या नावावर सलग धरली जाईल. पुरावा म्हणून भविष्य निर्वाह निधीचे मासिक ईसीआर विवरण (कोणत्या कामगाराची किती वर्गणी भरली याची नावनिहाय नोंद), खाणीच्या गेटपासची नोंद आणि व्यावसायिक प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्र, यांपैकी कोणतेही दोन पुरेसे मानावेत. तिन्ही मागितले की निम्मी नावे गळतात.

प्रत्येक नावापुढे ‘हुद्दा’ आणि ‘प्रत्यक्ष काम’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. हुद्दा ‘हेल्पर’ असतो आणि माणूस वेल्डिंग करत असतो. पुढची नोकरी दुसऱ्या रकान्यावर शोधायची असते. तिसरा रकाना आरोग्याचा. खाण कामगाराची नियतकालिक तपासणी होते, तिचा अहवाल ‘फॉर्म ओ’मध्ये असतो. ठेकेदाराच्या माणसाकडे तो बहुधा नसतोच. फुप्फुसात धूळ साठून होणारा आजार काम सुटल्यावर अनेक वर्षांनी उघड होतो, आणि तोवर दाद मागायला ना खाण उरते ना ठेकेदार. बंदीपूर्वी प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे आणि श्वासक्षमतेची तपासणी करून प्रत त्याच्याच हाती द्यावी. खर्च किरकोळ आहे, पण पुढच्या दाव्याचा तोच एकमेव आधार.

यानंतर प्रकल्पग्रस्त. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात २ एकर जमिनीमागे एक नोकरी असे सूत्र आहे. त्या नोकरीवरचा माणूस निवृत्त झाला की कुटुंबाकडे जमीनही नाही आणि नोकरीही नाही. आणि सर्वांत शेवटी, कुठल्याच कागदावर नसलेले: सायडिंगवर कोळसा वेचणाऱ्या बायका, टायर पंक्चर काढणारा, डबेवाली, खोल्या भाड्याने देणारी विधवा. यांना वेतनपावती मागणे व्यर्थ आहे. ठरावीक अंतरातल्या सर्व कुटुंबांना सपाट दराने उपजीविका अनुदान, हाच व्यवहार्य मार्ग.

पैसा कुठून, आणि तो पळू नये कसा

इथे आपल्याकडचा अनुभव फार शिकवणारा आहे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ₹५० स्वच्छ ऊर्जा उपकर बसला. तो २०१४ मध्ये ₹१००, २०१५ मध्ये ₹२०० आणि २०१६ मध्ये ₹४०० झाला. कल्पना उत्तम होती: जो प्रदूषण करतो तो स्वच्छ ऊर्जेचा खर्च उचलतो. पण उपकर आधी देशाच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून अर्थसंकल्प देईल तेवढाच राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत येतो. पुष्कळ रक्कम मूळ कामापर्यंत पोहोचलीच नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा उपकर रद्द होऊन तेच ₹४०० राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळले. सप्टेंबर २०२५ पासून तोही भरपाई उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टनाला ₹१,००० मूळ किंमत धरली (रॉयल्टी वगैरे बाजूला ठेवून), तर आधी कर ₹५० अधिक ₹४०० असे ₹४५० होते, आता ₹१८० आहेत. म्हणजे स्वस्त, हलक्या प्रतीचा कोळसा आणखी स्वस्त झाला, आणि कोळशाच्या जिल्ह्यांसाठी राखीव म्हणता येईल असा एक रुपयाही त्यात नाही.

वर्षाला १०० कोटी टन धरले तर टनामागे केवळ ₹५० म्हणजे ₹५,००० कोटी. एवढ्यावर गंभीर संक्रमण निधी उभा राहतो. पण तो निधी अर्थसंकल्पाच्या मर्जीवर ठेवू नये. भरपाई वनीकरण निधीसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करून पैसा लोकलेख्यात (एकत्रित निधीपासून वेगळ्या सरकारी खात्यात), वर्षअखेर न खर्चलेली रक्कम बुडणार नाही अशा स्वरूपात ठेवला आहे. अगदी तीच रचना इथे हवी.

महाराष्ट्राला हे नवे वाटायचे कारण नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना म्हणजे याच विचाराचा आपला जुना अवतार. पाणलोट, बांधबंदिस्ती, वनीकरण अशी जमीन-पाणी सावरणारी कामे, मागेल त्याला १५ दिवसांत काम, आणि खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ चा व्यवसाय कर. १९७७ चा कायदा १९७९ मध्ये अमलात आला. त्यातली एक खुबी आज विसरली जाते: कामांची ‘शेल्फ’. मागणी येण्यापूर्वीच तालुक्यात मंजूर, मोजमाप झालेली, अंदाजपत्रक तयार असलेली कामे ठेवलेली असत. कोळशाच्या जिल्ह्यात आज पैसा असतो, पण शेल्फ नसते.

तो पैसा म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाण व खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात ते आले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांवर १० टक्के रक्कम तिथे जाते. कोळशाची रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के. म्हणजे ₹१,००० च्या टनामागे ₹१४० रॉयल्टी आणि जुन्या पट्ट्यावर ₹४२ प्रतिष्ठानला. चूक कुठे होते? पैसा रस्ते, संरक्षक भिंती आणि सभागृहांत जातो, कारण त्यांची अंदाजपत्रके बांधकाम विभागाकडे तयारच असतात. उपजीविकेच्या कामाचे अंदाजपत्रक करणारे कोणी नसते. म्हणून प्रतिष्ठानला चार-पाच जणांचा कायम तांत्रिक कक्ष द्या: एक खाण अभियंता, एक लेखापाल, एक कृषी किंवा मत्स्य तज्ज्ञ, एक कौशल्य अधिकारी. नवा निधी मागण्याआधी हे करा. शिवाय कोळसा संपतो तशी ही आवकही संपते. आवकीचा ठरावीक भाग दीर्घ मुदतीच्या ठेवीत टाकला नाही, तर गरज सर्वांत मोठी त्या वर्षी तिजोरी सर्वांत रिकामी, असे हमखास होते.

खाण बंदीसाठी एस्क्रो खात्याची (कंपनीने पैसे भरायचे, पण ठरलेल्या कामासाठी मंजुरीनेच काढायचे अशा राखीव खात्याची) सक्ती २००९ पासून आहे. तेव्हाचा दर खुल्या खाणीला हेक्टरी ₹६ लाख आणि भूमिगतला ₹१ लाख होता, पुढे तो वाढवला गेला. पण हा पैसा मुख्यतः जमिनीसाठी: ढिगाऱ्यांचा उतार कमी करणे, वरची माती पसरणे, झाडे, कुंपण. माणसांसाठी तो तुटपुंजा आहे. आणि ही व्यवस्था खाणींची. औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्याला, चिमणीला, ॲस्बेस्टॉसला तसे खाते नाही. धोरणात ती तरतूद केंद्र चालू असतानाच, प्रति युनिट वीज अशी बसवावी. बंद केंद्राकडून वसुली होत नसते.

पगाराचा पूल

नवीन औद्योगिक संबंध संहितेत कामावरून कमी केलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे: मालकाने शेवटच्या वेतनाचे १५ दिवस भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे. तत्त्व चांगले आहे, पण १५ दिवसांच्या पगारात ४५ वर्षांचा ड्रिल ऑपरेटर नवे काय शिकणार? आणि प्रशिक्षणाचा काळ घर कसे चालवणार? संहितेत बंदीच्या पूर्वपरवानगीची मर्यादाही १०० वरून ३०० कामगारांवर गेली आहे, त्यामुळे लहान आस्थापना त्या चाळणीतूनच सुटतात.

मी सुचवतो ती रचना अशी. प्रशिक्षणात असताना हाती येणाऱ्या जुन्या वेतनाच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त एक वर्ष. नवी नोकरी कमी पगाराची असेल तर फरकाची भरपाई पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के, तिसऱ्या वर्षी ५० टक्के. वय ५५ च्या पुढे असेल तर प्रशिक्षणाचा आग्रह सोडा आणि निवृत्तीपर्यंत थेट पूल-निवृत्तिवेतन द्या. जर्मनीने २०२० च्या कायद्यात हेच केले: ५८ वर्षांवरील कोळसा कामगारांना जास्तीत जास्त ५ वर्षे समायोजन भत्ता, आणि खाण प्रदेशांच्या बांधणीसाठी २०३८ पर्यंत ४० अब्ज युरोपर्यंत तरतूद. ५६ वर्षांच्या माणसाला मोबाइल दुरुस्तीचे प्रमाणपत्र देणे म्हणजे त्याचा वेळ आणि आपला पैसा दोन्ही वाया घालवणे. प्रशिक्षणार्थींची संख्या दाखवून शाबासकी मिळते, म्हणून हे घडत राहते. संख्या मोजायचीच तर प्रशिक्षणानंतर १२ महिन्यांनी भविष्य निर्वाह निधीत नाव दिसते का, ते मोजा.

कौशल्याचा मेळही नीट घाला. डंपर आणि डोझर चालकाला सौर पॅनेल बसवायला शिकवू नका, त्याला खाण बंदीच्या मातीकामावर घ्या. ढिगारे उतरवणे, खड्ड्याचे काठ सुरक्षित करणे, राख भरणे हे काही वर्षांचे काम आहे आणि ते त्याच यंत्रांनी होते. औष्णिक केंद्रातला इलेक्ट्रिकल फिटर उपकेंद्रात आणि बॅटरी प्रकल्पात चपखल बसतो. बंद केंद्राची सर्वांत मोलाची मालमत्ता म्हणजे उच्चदाब वाहिनीची जोडणी आणि मोकळी जागा. तिथेच सौर आणि बॅटरी साठवण उभारली तर वाहिनीचा खर्च वाचतो. सौरला मेगावॅटमागे ४-५ एकर लागतात, म्हणजे २०० एकरांच्या राखेच्या तळ्यावर ४०-५० मेगावॅट. रोजगार त्यातून थोडेच मिळतील, पण जिल्ह्याच्या महसुलाला आधार मिळेल.

नव्या प्रकल्पांच्या निविदांतच अट घाला: ठरावीक टक्के माणसे यादीतली, वेतन हाय पॉवर कमिटीच्या दरापेक्षा कमी नाही, आणि त्या महिन्याचे ईसीआर विवरण नावानिशी जोडल्याशिवाय देयक नाही. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्याने अशी सांगड करसवलतीशी घातली होती. मोठ्या स्वच्छ ऊर्जा प्रकल्पांना साधी सवलत गुंतवणुकीच्या ६ टक्के, प्रचलित वेतन आणि शिकाऊ उमेदवारांची अट पाळली तर ३० टक्के. पाचपट फरक असल्यावर कंपन्या स्वतःच वेतनाच्या नोंदी सांभाळू लागतात. जुलै २०२५ च्या कायद्याने सौर-पवनाच्या त्या सवलतींना लवकर कात्री लागली, म्हणून सवलतीवरच सगळा भार टाकू नये.

जमीन आणि वसाहत

कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ खाली घेतलेली जमीन खाण संपल्यावर मूळ मालकाकडे परत येत नाही. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय धोरणाने अशी जमीन ऊर्जा आणि विकास प्रकल्पांना भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग खुला केला. न्यायाच्या दृष्टीने हा मोठा फाटा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पाला जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला ₹१,२५,००० भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. कोळशासाठी जमीन गेलेल्याच्या त्याच जमिनीवर उद्या सौर प्रकल्प आला, तर भाडे कंपनीला. मूळ खातेदारांची सहकारी संस्था करून भाड्याचा निम्मा वाटा तिला द्यावा, त्यासाठी आजच सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदींची यादी गोठवावी. पुढच्या पिढीत वारस वाढतात आणि काम अशक्य होते.

वसाहतीकडे तर कोणाचेच लक्ष नसते. क्वार्टर, पाणीपुरवठा, पथदिवे, रुग्णालय, शाळेचे अनुदान, सगळे कंपनी चालवते. खाण बंद होते, आणि सहा महिन्यांत पंप थांबतो. नगर परिषदेकडे ना कर्मचारी असतो ना जलवाहिनीचा नकाशा. खाणीतून उपसलेले पाणी आसपासच्या शेतांना मिळत असेल तर तेही थांबते. हस्तांतराचा करार किमान ३ वर्षे आधी व्हावा, त्यात ५ वर्षांचा देखभाल खर्च कंपनीचा असावा. रुग्णालय शेवटी सोडा, कारण धुळीचे रुग्ण बंदीनंतरच वाढतात.

क्रम

जर्मनीने दगडी कोळशाचे अनुदान संपवण्याचा निर्णय २००७ मध्ये घेतला, शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. ११ वर्षे हाती होती, म्हणून सक्तीची कामगारकपात टाळता आली. ऑस्ट्रेलियात हेझलवूड केंद्राची बंदी नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि मार्च २०१७ मध्ये केंद्र थांबले. पाच महिन्यांत कामगारांच्या बदल्यांची योजना घाईने बांधावी लागली. आपल्याकडे खाणीचा अंतिम बंदी आराखडा किमान ५ वर्षे आधी द्यायचा नियम आहे. त्याच आराखड्याला कामगार यादी, पगाराचा पूल आणि वसाहतीचे हस्तांतर जोडले, तर वेगळ्या महाकाय कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. झारखंडने नोव्हेंबर २०२२ मध्ये यासाठी कृती दल नेमले. महाराष्ट्राने चंद्रपूरपासून सुरुवात करावी: राज्य सरकारच्या मालकीचे सर्वांत मोठे, २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, खाणी आणि राज्यातल्या सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांपैकी एक, सारे तिथे एकत्र आहे.

आपण कोळशाच्या जिल्ह्यात असाल तर माहिती अधिकाराखाली तीन कागद मागा, अर्जाला ₹१० लागतात. पहिला, जवळच्या खाणीच्या एस्क्रो खात्यातली जमा आणि आतापर्यंत काढलेली रक्कम. दुसरा, जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या गेल्या पाच वर्षांच्या मंजूर कामांची यादी, रकमांसह. तिसरा, खाणीतल्या सर्व ठेकेदारांची नावे, ठेक्याची मुदत आणि मंजूर कामगारसंख्या. तिसऱ्या कागदातली संख्या पाळी सुटताना गेटवर मोजलेल्या माणसांशी ताडून पाहा. जो फरक निघेल, ती माणसे आज कुठल्याच यादीत नाहीत.